दुबार ओळ

मी मुळात भित्रा माणूस आहे. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर येणारा, कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणारा. बायको म्हणते, एक दिवस तुझ्या हातात कुलूपच येईल. पण या भित्रेपणावरच माझी नोकरी चालली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, त्यातल्या एकीत मी लागलो. काम होतं परदेशातल्या हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंटच्या याद्या लावून देण्याचं. कुठला पेशंट, कुठला डॉक्टर, किती वाजता. याद्या एक्सेलमध्ये यायच्या आणि त्या साफ करणारे मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून एकामागून एक कामं करून घेणारे छोटे प्रोग्राम, मी लिहायचो.

भित्रा माणूस मॅक्रो लिहितो तेव्हा दर दोन पावलांनी त्याला विचारतो, "कुठे आहेस? ठीक ना?" त्याची सोय असते. प्रोग्राम लिहायच्या पडद्याच्या तळाशी एक पांढरी खिडकी उघडते. 'डीबग प्रिंट' असा हुकूम दिला की प्रोग्राम आपली खबरबात त्या खिडकीत लिहीत जातो. बारावी ओळ वाचली. तेरावी वाचली. चौदावी रिकामी, सोडली. मी त्या ओळी सरकताना बघत बसायचो आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

खिडकीच्या दोन खोडी मात्र होत्या. एक म्हणजे ती शेवटच्या दोनेकशे ओळीच लक्षात ठेवायची. त्याआधीचं काय लिहिलं ते वरच्या वर पुसलं जायचं, मागमूस राहायचा नाही. दुसरी खोड जास्त वाईट. प्रोग्राम त्या खिडकीत लिहू शकायचा, पण तिथलं वाचू शकायचा नाही. वाचायचं ते माणसानेच, आणि तो समोर बसलेला असेल तरच.

आमच्या मॅडम पंजाबी, हुशार आणि तिखट. एकदा माझ्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी त्या सरकणाऱ्या ओळी पाहिल्या. म्हणाल्या, "ये जो नीचे लिख के आ रहा है ना, ये मुझे रोज़ मेल में चाहिए. मॅक्रो खुद उठाए और भेज दे."

मी म्हणालो, "मॅडम, मॅक्रो इसको पढ़ नहीं सकता."

"लिखा किसने है?"

"मॅक्रो ने."

"तो अपना लिखा खुद नहीं पढ़ सकता? कमाल है यार."

कमाल होतीच. पण मॅडमना नाही म्हणायची माझी छाती नव्हती, म्हणून मी आठवडाभर खटपट केली. सरळ वाट नव्हती म्हणून आडवाट धरली. जणू माणूसच कीबोर्डपुढे बसलाय अशी प्रोग्रामकडून बटणं दाबून घ्यायची. खिडकीत जा, सगळं निवड, कॉपी कर, दुसरीकडे चिकटव, मग पुसून टाक. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मधेच कसलासा निरोप पडद्यावर उगवला, बटणं भलत्याच ठिकाणी पडली, आणि 'सगळं निवड, पुसून टाक' हे त्या खिडकीऐवजी माझ्या प्रोग्रामवरच चाललं. महिन्याचं काम डोळ्यांदेखत साफ.  नशिबाने फ्लॉपीवर जुनी प्रत होती.

शेवटी उपाय निघाला तो अगदी साधा. खिडकीत बोलायचंच कशाला? प्रोग्रामने जे सांगायचं ते सरळ एका फाइलीत लिहावं. फाइल पुसली जात नाही, फाइल कोणीही उघडून वाचू शकतं, प्रोग्रामसुद्धा. तेव्हापासून ऑफिसातल्या माझ्या प्रत्येक मॅक्रोची नोंदीची फाइल असायची. मॅडम खूश झाल्या. मला वाटलं, धडा शिकलो.

हे एवढं सविस्तर सांगितलं कारण तो धडा मी फक्त ऑफिसात शिकलो होतो. घरच्या कामात विसरलो.

आता बाबांविषयी. माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. माझं सगळं बालपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. सेक्शनमध्ये हजेरीपट बाबांकडे असायचा. दहा वाजून दहा मिनिटांनी ते न आलेल्यांच्या नावापुढे लाल रेघ ओढायचे, आणि एकदा तर स्वतःच्याच नावापुढे ओढली होती म्हणे, बस बंद पडली म्हणून. निवृत्त झाल्यावर क्वार्टर गेलं, मग आई गेली, आणि बाबा आमच्याबरोबर गुडगावच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. चौथा मजला, खाली बोअरचं पाणी, दिवसातून चारदा जनरेटरचा धडधडाट आणि समोर मोहरीचं शेत. त्यांना ते कधी घर वाटलं नाही.

माझ्या मुलाला आम्ही बाबांचंच नाव ठेवलं होतं. आमच्या घरात ती रीतच. बाबांच्या वडिलांचं नाव मला, बाबांचं माझ्या मुलाला. मधलं नाव वडिलांचं, आडनाव एकच. त्यामुळे आजोबा आणि नातू यांचं पूर्ण नाव अक्षर न् अक्षर सारखं होतं. बाबांना याचा कोण अभिमान. पोराच्या शाळेच्या डायरीवर नाव त्यांनी स्वतः घातलं होतं, सुरेख अक्षरात, आणि वर म्हणाले होते, "बघ, माझीच सही झाली."

ज्या वर्षीची ही हकिगत, त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर दोन गोष्टी झाल्या. बाबांची साखर वाढली आणि सकाळचं इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, इंजेक्शननंतर जेवणाची वेळ चुकवायची नाही, साखर एकदम खाली आली तर जिवावर बेतेल. दुसरी गोष्ट म्हणजे दिवाळीनंतर एका दुपारी बाबा भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि थेट सरोजिनी नगरला पोचले. आमच्या जुन्या क्वार्टरची कडी वाजवली. तिथल्या नव्या बाईंनी भल्या मनाने चहा दिला, बाबांच्या खिशातल्या वहीतून फोन नंबर काढून मला ऑफिसात कळवलं. घरी आणल्यावर बाबा हसून म्हणाले, "अरे, पायांना सवय." मीही हसलो. पण त्या दिवसापासून दुपारी ऑफिसातून एकदा घरी फोन केल्याशिवाय मला राहवायचं नाही.

दर संक्रांतीला आमचं मंडळ पानिपतला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जायचं. दिल्लीतली मराठी घरं, मुलाबाळांसकट. तिथे फुलं वाहायची, दोन शब्द ऐकायचे, तिळगूळ वाटायचा आणि परत फिरायचं. त्या वर्षी तीन बस होत्या. पहिली ज्येष्ठांची, दुसरी मुलं आणि आया यांची, तिसरी आमच्यासारख्या कार्यकर्त्यांची. आणि यादीचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. "तू कॉम्प्युटरवाला ना? चलो, तूच कर."

नावं तीन ठिकाणांहून आली होती. कोणी फोनवर दिली, कोणी मंडळाच्या वहीत लिहिली, कोणी चिठ्ठी पाठवली, आणि निम्म्या लोकांनी, आपली माणसं ना, खात्रीसाठी तिन्ही ठिकाणी दिली. मी एका रविवारी मॅक्रो लिहिला. आधी दुबार नावं काढायची, मग उरलेल्यांना बसप्रमाणे आसनं द्यायची. प्रत्येक पावलाला खिडकीत एक ओळ छापायला सांगितली, सवयीने. फाइल मात्र केली नाही. घरचंच तर काम, नोंदी कोण मागणार आहे? मॅक्रो चालवला, ओळी भराभर सरकल्या, शेवटची ओळ आली, 'चुका शून्य'. तेवढ्यात मुलगा अंघोळीला येत नव्हता म्हणून बायकोने हाक मारली. मी कॉम्प्युटर बंद केला.

याद्यांच्या डोक्यावर मी एक सूचनाही छापली, ठळक अक्षरात. 'नाव पुकारल्याशिवाय कोणीही बसमध्ये चढू नये.' आदल्या वर्षी आसनांवरून भांडणं झाली होती म्हणून. माझा मीच त्या सूचनेवर फार खूश होतो.

सकाळी कोपर्निकस मार्गावर बस लागल्या. धुकं इतकं की तिसऱ्या बसमधून पहिली दिसत नव्हती. मी बॅनर आणि माइक चढवण्यात अडकलो होतो. बाबा आपल्या निवृत्त मित्रांबरोबर पहिल्या बसपाशी उभे होते. तिथली यादी वाचून संपली, त्यांचं नाव आलं नाही. मग दुसऱ्या बसच्या दारातून नाव पुकारलं गेलं. आमचा मुलगा बायकोच्या खांद्यावर झोपलेला. बाबा मोठ्याने "हजर" म्हणाले आणि जाऊन मुलांच्या बसमध्ये बसले. बायकोला वाटलं, सासरे नातवाच्या वतीने गमतीत बोलले असतील, आणि आमच्यात बसलेत ते बरंच झालं.

बस सुटण्याआधी बाबा खिडकीतून मला म्हणाले, "काय रे, मला पोरांच्या बसमध्ये टाकलंस?"

खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मी स्वतः त्यांना पहिल्या बसमध्ये घातलं होतं. पण माझ्या हातात माइकचा स्टँड होता आणि मंडळाचे सेक्रेटरी ओरडत होते. मी म्हणालो, "बाबा, यादीत नाव आहे ना? मग बसा ना तिथेच, प्लीज."

"यादीत आहे म्हणून तर बसलोय," ते म्हणाले. आवाजात दुखावलेपण होतं. ते मला कळलंही होतं.

काला अंबचा कार्यक्रम नीट झाला. बाराच्या सुमारास धुकं जरा विरळ झालं आणि पुन्हा दाटलं. जेवण परतीच्या वाटेवर, मुरथळच्या ढाब्यावर. निघताना बाबा बायकोला म्हणाले, "जाताना मी माझ्या मंडळींबरोबर येतो." ती "बरं" म्हणाली. पुन्हा तिन्ही दारांतून याद्या वाचल्या गेल्या, पुन्हा "हजर, हजर" झालं, तिघाही कार्यकर्त्यांनी मला 'सगळं ठीक' अशी खूण केली. यादीतला प्रत्येक माणूस बसमध्ये होता. बस निघाल्या.

ढाब्यावर पोचायला धुक्यामुळे तास-सव्वा तास लागला. माणसं उतरली, बाजांवर बसली, परोठ्यांच्या ऑर्डरी गेल्या. मी लगेच बाबांना शोधायला लागलो, त्यांच्या जेवणाची वेळ आधीच टळली होती. बायको मुलाचे हात धूत होती. म्हणाली, "बाबा तुझ्याकडे आले का? पहिल्या बसमध्ये आहेत ना ते?"

मी त्यांच्या मित्रांकडे गेलो. मित्र म्हणाले, "अरे, तो मुलांच्या बसमध्ये. सकाळी नव्हता का गेला? आत्ताही नाव तिकडूनच पुकारलं, 'हजर' ऐकलं आम्ही."

मी वळून बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "ते 'हजर' हा म्हणाला," ती म्हणाली आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "इतक्या जोरात म्हणाला की सगळी मुलं हसली."

भीती कशी येते ते मला त्या दिवशी कळलं. कुलपाची, गॅसची, मॅडमची, त्या सगळ्या माझ्या हौसेच्या भीती होत्या. ही वेगळी होती. डोक्यात एकच गोष्ट लख्ख उभी राहिली. सारखं नाव. दुबार. मीच काढलं त्यांना. यादीतून माझ्या वडिलांना मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं.

मुलगा माझ्याकडे बघून रडायला लागला. त्याला वाटलं, त्याने काहीतरी केलं.

ढाब्यावरच्या पीसीओवरून पोलिसांचा शंभर नंबर लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "नाम?" मी नाव सांगितलं. "उम्र?" मी म्हणालो, "बहत्तर. शुगर के मरीज हैं. याददाश्त भी थोड़ी..."  तो म्हणाला, "देखते हैं जी, धुंध बहुत है." सेक्रेटरींनी मंडळींना सांभाळलं आणि ढाबेवाल्याने आपल्या मेहुण्याची मारुती व्हॅन दिली. मी आणि तो मेहुणा उलट निघालो.

त्या एका तासाबद्दल मला अजून धड लिहिता येत नाही. गाडीच्या बॉनेटच्या पुढे काही दिसत नव्हतं. मधेच ट्रकचे दिवे अंगावर यायचे, मेहुणा स्टिअरिंग वळवायचा. मी मनात हिशेब करत होतो. इंजेक्शन सहाला. सकाळी पोहे, तेही अर्धेच. आता साडेतीन. साखर खाली आली की माणसाला घाम येतो, हात थरथरतात, मग तो बरळतो, मग पडतो. धुक्यात पडलेला माणूस कोणाला दिसणार? आणि त्याहून वाईट म्हणजे पायांना सवय. पाय जर निघाले सरोजिनी नगरकडे, जीटी रोडवरून, या ट्रकांमधून? मी रस्त्याच्या कडेला प्रत्येक सावलीकडे बघत होतो. एक मैलाचा दगड मला बाबांसारखा दिसला. "रोको," मी ओरडलो. मेहुण्याने गाडी थांबवली, दगड बघितला, काही न बोलता पुन्हा चालू केली.

मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. त्यातलं बरंचसं पुढे मी केलंही नाही.

काला अंबच्या फाटकापाशी उतरलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. सकाळी एवढी गर्दी होती, आता नुसती झेंडूची फुलं आणि तिळगुळाचे कागद. मी "बाबा" म्हणून ओरडलो. धुक्यात आवाज लांब जात नाही, तोंडाशीच विरतो. मी स्मारकाला फेरी मारली, पायऱ्या बघितल्या, झाडांच्या मागे बघितलं. मग अचानक सुचलं तसं त्यांचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं, यादी वाचतात तसं.

"हजर," कुठूनतरी आलं. अगदी बारीक.

फाटकाबाहेर डाव्या हाताला, सकाळी रेवड्या आणि शेंगदाणे विकणारी एक म्हातारी बसलेली होती. तिची शेगडी अजून धुमसत होती. शेजारी पोत्यावर, तिची गोधडी खांद्यावर घेऊन, बाबा. हात थरथरत होते, ओठांना रेवडीचे तीळ चिकटलेले. मी तिथेच मातीत बसलो.

म्हातारी मला झापत होती, बापाला असं सोडून जातात का म्हणून. "थारा बाबू सै? शरम ना आई? पसीनो-पसीन हो रया था. मन्नै रेवड़ी खवाई दो मुट्ठी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मैं पूछूँ, ताऊ नाम के सै तेरा? कहवै, नाम तो बस में चला गया."

मी बाबांचे हात धरले. म्हणालो, "बाबा, तुम्ही चढला का नाहीत? बस समोर होती, चढायचं ना! कोणी अडवलं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सेक्शनमध्ये नवीन लागलेल्या कारकुनाला समजावताहेत. "नाव पुकारल्याशिवाय चढायचं नाही, तूच लिहिलंयस. पुकारलं, तेवढ्यात कोणीतरी हजर म्हणालं. मग मी कसा म्हणणार? एका नावावर दोन हजेऱ्या लागत नाहीत रे. दुबार होतं ते."

 गाडीत मी त्यांना अगदी घट्ट धरून बसलो होतो. थोड्या वेळाने ते कुशीतून म्हणाले, "मला वाटलं, मी गेलोच असेन त्यांच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि मॅक्रो पुन्हा चालवला, पण या वेळी एकेक पाऊल, बोट बटणावर ठेवून. खिडकीत एकेक ओळ उमटत गेली. मुलांची नावं आधी होती, कारण शाळेच्या सुट्टीमुळे आयांनी ती आधी दिली होती. बाबांनी आपलं नाव मंडळाच्या वहीत स्वतः लिहिलं होतं, ते मागून आलं. आणि तिथे ती ओळ आली. दुबार, काढली. पुढे त्यांचं पूर्ण नाव. म्हणजे त्या रविवारीही मॅक्रोने मला सांगितलं होतं. अगदी वेळेवर, स्पष्ट सांगितलं होतं. नंतर आसनांच्या ओळींचा लोंढा आला आणि ते पुसलं गेलं, आणि शेवटी उरलं 'चुका शून्य'. मी खुर्चीत बसून ढसाढसा रडलो.

बाबा दारात येऊन उभे होते. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. मीच यादीतून काढलं होतं हेही.

त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं, "मशीनने सांगितलं होतं?"

"हो."

"लेखी?"

"लिहिलं होतं, पण टिकलं नाही."

"मग सांगितलं असं म्हणता येत नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे फाइलवर टिपणी चढली तरच खरं. तोंडी कोण काय बोललं त्याला कोण विचारतो?" आणि चहाला निघून गेले. जी गोष्ट शिकायला मला मॅडमची बोलणी आणि आठवडाभराची खटपट लागली, ती त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होती.

मंडळाच्या यादीत मी नंतर वयाचा रकाना घातला आणि नोंदीची फाइलही केली. पण बाबा पुन्हा सहलीला आले नाहीत. म्हणजे मी नेलं नाही, माझी छाती झाली नाही.

त्याऐवजी घरात एक रीत पडली. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दारात बूट काढता काढता मी त्यांचं पूर्ण नाव पुकारायचो. आतल्या खोलीतून "हजर" यायचं, मग मी आत जायचो. सुरुवातीला ती थट्टा होती. मला एकट्याला माहीत होतं की ती थट्टा नाही. चौथ्या मजल्यापर्यंत रोज मी दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचो. मुलाला मी सक्त ताकीद दिली होती, ही हाक आजोबांची आहे, तू ओ द्यायची नाही. त्याने ती पाळली. काला अंबचा दिवस त्याच्याही मनातून गेला नव्हता.

अशी तीन-चार वर्षं गेली. बाबांचं विसरणं वाढत गेलं. आधी औषधं, मग माणसं, मग आई गेल्याचं. पण हजेरी चुकली नाही.

मग एका संध्याकाळी मी पुकारलं आणि आतून काही आलं नाही. मी पुन्हा पुकारलं. एका पायात बूट तसाच ठेवून मी आत धावलो. बाबा पलंगावर नीट बसले होते. केस विंचरलेले, हात मांडीवर. कान टवकारून दाराकडे बघत होते. ज्याचं नाव पुकारलं तो माणूस ओ का देत नाही, याची त्यांना काळजी लागलेली दिसत होती.

मुलगा कोपऱ्यात ओठ घट्ट मिटून उभा होता. डोळे भरलेले. मला म्हणाला, "मी नाही म्हटलं हं, बाबा."

मी पलंगावर बसलो. बाबा अजून वाट बघत होते. मी मुलाला म्हणालो, "म्हण."

त्याने आधी आजोबांकडे पाहिलं, मग हळूच म्हणाला, "हजर."

बाबांचा चेहरा निवळला. त्यांनी मान डोलावली, मांडीवर बोटाने हजेरीची एक खूण केली, आणि उशीला टेकून डोळे मिटले.